गोळीचं नाक चपटं का? हलक्या बाराचा इतिहास आणि वस्तूला विचारायचे प्रश्न

संशोधनाचा आराखडा लिहायला घेतलेल्या विद्यार्थ्यांकडून एक वाक्य नेहमी ऐकू येतं : "विषय ठरलाय, पण प्रश्न सापडत नाहीये." विषय असणं आणि प्रश्न असणं यात केवढं अंतर असतं, हे दाखवायला आज मी मुद्दाम एक अगदी लहान विषय घेतलाय.

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या तीसेक वर्षांपासून लोक लीव्हर ॲक्शन रायफलीची उडवलेली काडतुसं घरी परत भरत आले आहेत. त्यातलाच एक प्रकार म्हणजे हलकी काडतुसं. ना मोठ्या शिकारीसाठी, ना लढाईसाठी. माळावर रिकामे डबे मांडून नेम धरायचा, हात बसवायचा, फार तर एखादा ससा मारायचा, यासाठी. अशा काडतुसाला गोळी कोणती निवडायची, हा त्या माणसापुढचा प्रश्न. आणि त्याने तीच का निवडली, हा आपला.

पहिलं सुचणारं उत्तर सरळ आहे : हलकी आणि स्वस्त असेल ती. हे उत्तर चुकीचं नाही, पण यावर थांबलो तर ती गोळी हातात घेऊन बघायचं राहून जातं. तिचं नाक चपटं असतं. तिच्या कमरेला एक खाच असते. ती बहुतेक वेळा नुसत्या शिशाची असते, तांब्याचं आवरण नसलेली. यातली एकही गोष्ट "हलकी आणि स्वस्त" या उत्तरातून निघत नाही. मग ती येते कुठून?

(एक खुलासा. भारतात काडतूस बनवायला शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवाना लागतो. इथे इतिहास आहे, घरी करायची कृती नाही.)

आधी थोडे शब्द

काडतुसाचे चार भाग. एक, पितळेची पुंगळी. दोन, तिच्या बुडाशी बसवलेला प्राइमर. दिवाळीतल्या टिकलीसारखा, ठोका बसला की पेटणारा. तीन, आतली दारू. चार, तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. बार झाला की टिकली जळते, दारू संपते, गोळी निघून जाते. उरते ती पुंगळी. चारांत सगळ्यात जास्त घडणावळ तिच्यातच असते, त्यामुळे ती फेकून देणं जिवावर येतं. परत भरण्याचं अर्थकारण मुळात एवढंच आहे.

लीव्हर ॲक्शन म्हणजे चापाभोवतीची कडी हाताने खाली ढकलायची आणि परत वर ओढायची; तेवढ्यात रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि नवं काडतूस आत जातं. बहुतेक लीव्हर रायफलींमध्ये ही नवी काडतुसं मुख्य नळीच्या खाली असलेल्या दुसऱ्या बारीक नळीत, एकामागे एक अशी रांगेत असतात. ही रांग लक्षात ठेवा, लेखाचा अर्धा भार तिच्यावर आहे.

गोळीचं आणि दारूचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. एका ग्रॅममध्ये साधारण साडेपंधरा ग्रेन. सोनाराच्या गुंजेशी तुलना करायची तर एक गुंज म्हणजे ढोबळ मानाने दोन ग्रेन.

आणि डब्यांवर नेम धरण्याला म्हणतात प्लिंकिंग. गोळी पत्र्यावर आदळल्याच्या आवाजावरून आलेला शब्द, आपल्या 'टणत्कार'सारखा.

निवडीलाही जन्मतारीख असते

बेंजामिन टायलर हेन्री याच्या रायफलीला १६ ऑक्टोबर १८६० ला पेटंट मिळालं. तो ज्या कारखान्यात काम करत होता तो न्यू हेवनचा, आणि कारखान्यामागचा पैसा ऑलिव्हर विंचेस्टरचा, ज्याचा मूळ धंदा पुरुषांचे शर्ट शिवण्याचा होता. या हेन्री रायफलीच्या .४४ काडतुसात वेगळा प्राइमर नव्हता. पुंगळीच्या बुडाची जी बाहेर आलेली कड असते, तिच्या पोकळीत स्फोटक भरलेलं असायचं. ठोका त्या कडेवर बसायचा आणि कड चेपून जायची. चेपलेली कड सरळ करून तिच्यात पुन्हा स्फोटक भरणं घरी होण्यासारखं नव्हतं. म्हणजे हेन्रीच्या मालकाला गोळी निवडायचा प्रश्नच नव्हता. कारखाना देईल ते काडतूस घ्यायचं, उडवायचं, पुंगळी टाकून द्यायची.

विंचेस्टर कंपनीची १८७३ची रायफल आली आणि हे बदललं. तिचं .४४-४० काडतूस मध्यभागी प्राइमर असलेलं होतं. नावातला पहिला आकडा गोळीच्या जाडीचा, इंचाच्या शंभराव्या भागात. दुसरा आकडा चाळीस ग्रेन काळ्या दारूचा. गोळी २०० ग्रेनची, म्हणजे साधारण १३ ग्रॅम. उडालेला प्राइमर खालून काढून टाकून नवा बसवता येत होता. पुंगळी पुन्हा कामाला येत होती. १८७०च्या दशकाच्या मध्यापासून विंचेस्टर स्वतःच परत भरण्याची हत्यारं विकू लागली.

इथे थांबून एक प्रश्न विचारा. काडतुसं विकणारी कंपनी काडतुसं कमी विकत घ्यावी लागतील असं हत्यार कशाला विकेल? रायफल जिथे विकली जात होती त्या भूगोलाकडे पाहिलं की अंदाज येतो. दुकान दोन-तीन दिवसांच्या वाटेवर असेल, तर जी रायफल शिसं, दारू आणि टिकल्यांच्या डबीवर चालते ती जास्त भरवशाची. हत्यार हे रायफल विकण्याचंच साधन होतं.

१८८४ मध्ये त्याच न्यू हेवन शहरात जॉन बार्लो याने आयडियल मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली. पक्कडीसारखं एक हत्यार. त्यातच प्राइमर बसवायची सोय, त्यातच गोळी दाबायची सोय, काही प्रकारांत टोकाला गोळी ओतायचा साचाही. सोबत 'आयडियल हँडबुक' नावाची पुस्तिका. पुढे १९२५ मध्ये लायमन कंपनीने आयडियल विकत घेतली आणि साचे, क्रमांक, पुस्तिका हे सगळं पुढे चालू ठेवलं.

तेव्हा पहिली नोंद अशी : 'लोक कोणती गोळी निवडत होते' या प्रश्नाला लीव्हर रायफलीच्या बाबतीत १८७३च्या आधी फारसा अर्थ नाही. आपण ज्याला आवड किंवा सवय म्हणतो, तिच्यामागे ती शक्य करणारी एखादी तांत्रिक गोष्ट असते. ती कधी आली हे आधी बघायचं.

रांगेत उभं राहायचं तर नाक चपटं हवं

आता नळीतली ती रांग. मागच्या काडतुसाच्या गोळीचं नाक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकलेलं असतं. बुडाच्या मध्यभागी काय आहे? प्राइमर. पुढून स्प्रिंगचा दाब, आणि प्रत्येक बाराला रायफलीचा मागे हिसका. नाक अणकुचीदार असेल तर ते पुढच्या टिकलीवर खिळ्यासारखं बसणार आणि नळीतच काडतूस उडण्याची भीती. म्हणून नाक चपटं, नाहीतर निदान चांगलं बोथट. एकावर एक डबे रचले की तळ तळाला टेकतो, तसं.

"चपट्या नाकाने मार जास्त बसतो म्हणून ते चपटं" असंही एक उत्तर वाचायला मिळतं. मार बसण्याबद्दलचं म्हणणं शिकारीच्या संदर्भात खोटं नाही. पण डब्यावर नेम धरणाऱ्याला त्याचं काय? त्याच्याही गोळीचं नाक चपटंच आहे. दोन कारणं समोर आली की कोणतं कारण जास्त वजनाचं हे ठरवायला एक जुनी युक्ती आहे : एक अट बदललेली असेल अशी उदाहरणं शोधायची. इथे ती तीन मिळतात.

पहिलं, खुद्द हेन्रीचं .४४ काडतूस. तेही नळीतच रांगेत राहायचं, पण त्याचं स्फोटक कडेत होतं, मध्यभागी नव्हतं. आणि ते काडतूस चपट्या नाकाचं आणि टोकदार अशा दोन्ही प्रकारांत बनत होतं. मध्यभागी टिकली नाही म्हटल्यावर टोक चालत होतं.

दुसरं, फ्रान्सची १८८६ची लेबेल रायफल. लीव्हरची नव्हे, पण काडतुसं नळीतच. तिची पहिली गोळी चपट्या नाकाची होती. १८९८ मध्ये फ्रेंचांनी दूरवर जाणारी टोकदार गोळी स्वीकारली; रायफल तीच, नळी तीच. मग त्यांनी काय केलं? पुंगळीच्या बुडावर प्राइमरभोवती एक गोल खाच कोरली, मागच्या गोळीचं टोक टिकलीवर न बसता त्या खाचेत अडकावं म्हणून. अडचण तीच, उत्तर वेगळं. गोळी बदलायची नाही असं ठरलं की पुंगळी बदलावी लागते.

तिसरं, अमेरिकेतल्याच दोन लीव्हर रायफली. जॉन ब्राउनिंगने विंचेस्टरसाठी केलेली १८९५ची रायफल, जिच्यात काडतुसं पेटीत एकावर एक बसतात. आणि आर्थर सॅव्हेजची १८९९ची, जिच्यात ती एका फिरत्या चक्रात बसतात. नाक आणि टिकली यांची गाठच पडत नाही. दोन्हींत टोकदार गोळी बिनदिक्कत चालते. पहिल्या महायुद्धात रशियाने ती १८९५ची रायफल सुमारे ३ लाख नग घेतली, आपल्या लष्करी काडतुसासाठी.

चौथं उदाहरणही हवं असेल तर ते आपल्या काळातलं आहे. २००० नंतरच्या पहिल्या दशकात हॉर्नाडी कंपनीने लीव्हर रायफलींसाठी टोकदार गोळी आणली, पण टोक मऊ, रबरासारखं दबणाऱ्या पदार्थाचं. सव्वाशे वर्षांनी अट मोडली ती आकार बदलून नव्हे, पदार्थ बदलून.

अट बदलली की गुणधर्म बदलतो, अट तशीच राहिली की तोही राहतो. एवढं दाखवता आलं म्हणजे 'नळीमुळे नाक चपटं' हे नुसतं सांगोवांगी राहत नाही, युक्तिवाद होतो.

हलकी म्हणजे आखूड, आणि आखूड म्हणजे अडचण

हलकी गोळी हवी म्हटल्यावर पहिला विचार आखूड गोळीचा येतो. जाडी तर नळीने ठरवून दिलेली, कमी करायची तर लांबीच. पण १८६६ आणि १८७३च्या विंचेस्टरमध्ये नळीतून आलेलं काडतूस एका पितळी ठोकळ्यात शिरतं आणि तो ठोकळा लिफ्टसारखा वर जातो. काडतूस ठोकळ्याच्या लांबीला मापात असावं लागतं. फार लांब असेल तर ते शिरत नाही. फार आखूड असेल तर नळीतल्या पुढच्या काडतुसाचं बूड ठोकळ्यात डोकावतं आणि लिफ्ट अडकते.

म्हणजे जी गोळी एकनळी रायफलीत, एक एक काडतूस हाताने घालून, मजेत चालेल, तीच लीव्हर रायफलीत रुतून बसेल. मग भरणाऱ्यापुढे दोन वाटा. एकतर काडतुसाची एकूण लांबी राखेल अशी लांब नाकाची गोळी निवडायची, नाहीतर एकेक काडतूस हाताने घालून रायफलीचा वेगच सोडून द्यायचा. डब्यांवर नेम धरायला वेग कशाला, असं म्हणता येईल. पण लीव्हर रायफल घेतली कशासाठी?

अमेरिकन लष्करात हाच विचार दुसऱ्या बाजूने झाला होता. त्यांची .४५-७० स्प्रिंगफील्ड एकबारी होती, काडतूस हातानेच घालायचं. १८८०च्या दशकात नेमबाजीच्या सरावावर भर आला तेव्हा तुकड्यांमध्ये काडतुसं परत भरली जात आणि आडोशातल्या जवळच्या सरावासाठी थोड्या दारूवर शिशाची नुसती गोल गोळी बसवली जाई. एकबारी रायफलीला ती परवडत होती, कारण तिथे ना रांग होती ना लिफ्ट.

दारू बदलली आणि गोळीची कंबर बदलली

मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत बोलका वाटतो तो गोळीच्या कमरेचा पुरावा.

आयडियलच्या साच्यांना क्रमांक असत. .४४-४० साठीच्या एका साच्याचा क्रमांक ४२७९८ : पहिले तीन आकडे गोळीची जाडी, .४२७ इंच, उरलेले नमुन्याचा क्रमांक. या जुन्या नमुन्याच्या गोळीला चरबी-मेणाच्या वंगणासाठी खाचा आहेत, पण पुंगळीची कड आत मुडपून गोळी जखडायला लागते ती खाच नाही. (काडतूस आणि चरबी म्हटलं की आपल्याला १८५७ आठवतं. तिथला वाद चरबी कशाची यावर होता. शिसं आटे पाडलेल्या नळीतून सरकवायला काहीतरी वंगण हवं, ही गरज मात्र दोन्हीकडे सारखीच.)

जखडायची खाच का नाही? कारण काळी दारू. ती पुंगळी काठोकाठ भरून घालायची असते. गोळी दारूच्या त्या घट्ट भरावावर बसते. स्प्रिंगने कितीही ढकललं तरी मागे सरकायला जागाच नाही.

१८९०च्या दशकात बिनधुराची दारू आली. ब्राउनिंगच्याच १८९४च्या विंचेस्टरसाठी १८९५ मध्ये .३० विंचेस्टर काडतूस बाजारात आलं, जे पुढे .३०-३० म्हणून प्रसिद्ध झालं. दुसरा ३० हा बिनधुराच्या दारूचा ग्रेनमधला आकडा. नाव ठेवण्याची पद्धत काळ्या दारूची, दारू मात्र नवी. ही १८९४ची रायफल पुढे ७० लाखांहून जास्त नग खपली.

नव्या दारूत ताकद जास्त, त्यामुळे ती कमी लागते. हलक्या बारासाठी तर आणखीच कमी. आता पुंगळीत दारू तळाशी आणि वर पोकळी. गोळीला खालून आधार नाही. नळीतल्या स्प्रिंगचा दाब आणि प्रत्येक हिसका तिला आत ढकलणार. म्हणून नव्या नमुन्यांच्या गोळ्यांना कमरेशी खाच आली, पुंगळीची कड तिच्यात मुडपायला. कारखान्यांनी काही काडतुसांत पुंगळीलाच गोळीच्या बुडाखाली वळी पाडली, गोळी तिच्यावर टेकावी म्हणून. जुन्या आणि नव्या नमुन्याची गोळी शेजारी ठेवा. एका ओरखड्याएवढ्या फरकात दारूच्या रसायनातली क्रांती दिसते.

त्या पोकळीतून एक नवा धोकाही आला. काळी दारू चुकून दोनदा घातली जाऊच शकत नव्हती. पुंगळी ओसंडली असती. नव्या दारूचं हलकं माप दोनदा पडलं तरी ते पुंगळीत मावतं आणि वरून गोळी बसते. जुन्या पदार्थाच्या अवाढव्यपणात जी सुरक्षितता आपोआप होती, ती नव्यात माणसाच्या लक्ष देण्यावर आली. हलका बार म्हणजे निर्धोक बार, ही समजूत इथे मोडते.

शिसं, टाइपाचा धातू आणि 'प्लिंकर'

दारू कमी, वेग कमी. अशा वेळी तांब्याच्या आवरणाची गोळी अडचणीची ठरते. आवरण कठीण, नळीशी घर्षण जास्त. जोर अपुरा पडला तर गोळी नळीतच अडकते. आपल्याकडे ज्याला फुसका बार म्हणतात तो प्रकार. आणि ते लक्षात न येता मागून दुसरी गोळी सुटली तर नळी फुगते किंवा फुटते. शिसं मऊ, वंगण लावलेलं, कमी जोरावरही सरकतं. म्हणून हलक्या बाराला शिशाची गोळी, यात स्वस्ताईइतकाच भौतिकशास्त्राचाही हात आहे.

वेग वाढवला की उलटी तक्रार : शिसं नळीत थापलं जातं. त्यावर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बार्लोने गोळीच्या बुडाला बसवायची तांब्याची छोटी टोपी आणली, गॅस चेक. दुसरी वाट म्हणजे शिसंच कडक करायचं, त्यात कथील आणि अँटिमनी मिसळून. असं मिश्रण आयतं कुठे मिळायचं? छापखान्यात. लायनोटाइप यंत्राचा धातू म्हणजे साधारण ८४ टक्के शिसं, १२ टक्के अँटिमनी, ४ टक्के कथील. छापखाने ऑफसेटकडे वळले तसा हा धातू भंगारात आला आणि गोळ्या ओतणाऱ्यांच्या कढईत गेला. मिश्रण बदललं की त्याच साच्यातून निघणाऱ्या गोळीचं वजनही बदलतं. तेव्हा कॅटलॉगमधला वजनाचा आकडा हा नेहमी एका ठरावीक मिश्रणाचा आकडा असतो. तो जसाच्या तसा उचलू नका.

.३०-३० साठी हलकी गोळी म्हणून लोकांनी धाकट्या भावंडांकडेही पाहिलं. .३२-२० हे १८८२चं छोटं काडतूस. त्याच्या आयडियल ३११८ क्रमांकाच्या साच्याची गोळी सुमारे ११५ ग्रेनची, चपट्या नाकाची, शिशाची. .३०-३०च्या नेहमीच्या १५० किंवा १७० ग्रेनच्या गोळीपेक्षा खूप हलकी. जाडीला ती थोडी जास्त, म्हणून आधी मापाच्या कड्यातून दाबून काढायची. चपटं नाक, शिसं, कमी वजन, घरात आधीच असलेला साचा : आतापर्यंतच्या बहुतेक अटी एका गोळीत बसल्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटलं. सरकारी साठ्यातली उरलेली दारू स्वस्तात बाजारात आली. फ्रेड हंटिंग्टनची आरसीबीएस, स्पीअर, १९४९ची हॉर्नाडी अशा लहान कंपन्या फक्त परत भरणाऱ्यांसाठी माल बनवू लागल्या. ओतण्याऐवजी डबी विकत घ्यायची सोय झाली. स्पीअरने .३० जाडीची, १०० ग्रेनची, अर्ध्या आवरणाची, बोथट नाकाची गोळी काढली आणि तिचं नावच ठेवलं 'प्लिंकर'. माळावरच्या खेळाचा शब्द डबीवर छापला गेला. आता तो खेळ राहिला नव्हता फक्त, बाजारातला एक कप्पा झाला होता.

पुरावा सापडतो कुठे, आणि कुठे सापडत नाही

'पश्चिम जिंकणारी बंदूक' हे विंचेस्टरचं बिरुद तुम्ही ऐकलं असेल. ती विसाव्या शतकातली जाहिरातीची ओळ आहे. पामेला हाग यांनी 'द गनिंग ऑफ अमेरिका' (२०१६) या पुस्तकात हाच मुद्दा मांडलाय की अमेरिकेत बंदुकीची मागणी आपसूक नव्हती; उद्योगाने ती मेहनतीने घडवली आणि विकली. मग जाहिरात ज्या वापराबद्दल बोलत नाही, त्याचा पुरावा कुठे शोधायचा?

लढाईचा पुरावा जमिनीत राहतो. २५ जून १८७६ला लिटल बिगहॉर्न इथे लकोटा आणि शायान योद्ध्यांनी कस्टरच्या तुकडीचा पाडाव केला. १९८३ मध्ये तिथलं गवत जळालं आणि १९८४ पासून डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स या पुरातत्त्वज्ञांनी धातुशोधक यंत्रांनी ते रान पिंजून काढलं. पुंगळ्यांवरच्या ठोक्याच्या खुणा जुळवून त्यांनी एकेक बंदूक वेगळी ओळखली, ती रणांगणावर कुठून कुठे गेली हे दाखवलं. मूळ अमेरिकनांच्या हातात हेन्री आणि १८६६च्या रायफली होत्या, हे त्या पुंगळ्यांनीच सांगितलं.

आता हलक्या बाराचं बघा. तिथे पुंगळी उचलली जाते, खिशात जाते, परत भरली जाते, दहा वेळा. शेवटी चिरली की भंगारात. परत भरणारा माणूस आपला पुरावा स्वतःच गोळा करून नेतो! काटकसरीचं हे वैशिष्ट्यच आहे की ती मागे फारसं काही ठेवत नाही. लढाईचा इतिहास सापडतो आणि सरावाचा हरवतो, याचं एक कारण इतिहासकारांची आवड आहे. दुसरं कारण म्हणजे पितळ महाग होतं.

मग उरतात हत्यारं, साचे आणि पुस्तिका. त्यांच्याशी जपून वागावं लागतं. हत्यारावर ठोकलेली पेटंटची तारीख म्हणजे ते बनवल्याची तारीख नव्हे. 'याच्या आधीचं नाही' एवढंच ती सांगते. पुस्तिका सांगते लोकांनी काय करावं. त्यांनी काय केलं ते नव्हे. आणि पुस्तिका छापणारा साचे विकतो, हे विसरून चालणार नाही.

आठवणीतल्या गोष्टींचंही तसंच. विंचेस्टरसाठी नेमबाजीचे प्रयोग करणाऱ्या ॲडॉल्फ टॉपरवाइनची बायको एलिझाबेथ 'प्लिंकी' या नावाने प्रसिद्ध होती. नेमबाजी शिकताना डब्याला गोळी लागली की ती 'प्लिंक' म्हणायची, त्यावरून तिचं नाव पडलं आणि त्यावरूनच 'प्लिंकिंग' आलं, असं सांगतात. गोष्ट गोड आहे. पण ध्वनीवरून आलेल्या शब्दाला एकच जन्मदाता असावा लागत नाही, आणि तिचा पगार कोण देत होतं तेही बघायला हवं.

इथेच एक सावधगिरी. 'पश्चिम जिंकणारी बंदूक' ही कथा मोडायची म्हणून 'डबे फोडणारी निरागस बंदूक' ही दुसरी कथा उभी करणं सोपं असतं. ती कथाही बाजाराला तितकीच सोयीची आहे. 'प्लिंकर' छापलेली डबी त्याची साक्ष. एकाच नळीतून दोन्ही बार निघाले. त्यातल्या एकाचा पुरावा जास्त टिकला आणि दुसऱ्याचा कमी, हे सांगणं आपलं काम. कोणता 'खरा' हे ठरवायची घाई नको.

तुमच्या आराखड्यासाठी

एका बोटाच्या पेराएवढ्या गोळीने आपल्याला मॅगझिनची रचना, लिफ्टची लांबी, दारूचं रसायन, छापखान्याचं भंगार आणि युद्धानंतरचा बाजार एवढं फिरवून आणलं. विषय होता 'गोळीची निवड'. प्रश्न झाला तो 'कोणत्या अटींत राहून निवड' असं विचारल्यावर. अटी मांडल्या की त्यांना तारखा लागतात, तारखांना पुरावा लागतो, आणि पुराव्याला 'तू टिकलास कसा?' हे विचारावं लागतं.

करून बघा. घरातली एखादी घडवलेली लहान वस्तू घ्या : स्टोव्हची पिन, शिलाई यंत्राची बॉबिन, छापखान्यातला एखादा जुना खिळा. तिचं अंग न्याहाळा आणि 'हलकी आणि स्वस्त' या उत्तरातून न निघणारी एक खूण शोधा. मग ती खूण ज्या अटीमुळे आली असं वाटतं, ती अट नसलेली दुसरी वस्तू शोधा. तिथे खूण नसेल तर पहिल्या प्रकरणाचं पहिलं पान लिहायला घ्या. असेल, तर अट चुकलीय, दुसरी शोधा.